पाणक्याची किंमत

या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, अर्थकारण, वेदान्त आणि वाङ्मय यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. त्यांच्या रांगेत फुटबॉलचा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटेल. आणि तो विषय कामगार चळवळीतल्या माणसाने घेतला याचे त्याहून अधिक वाटेल. परंतु आम्ही जो प्रश्न मांडणार आहोत तो निव्वळ खेळाचा नाही. ज्या कामाचे फळ डोळ्यांना दिसत नाही, त्या कामाची किंमत कोणी आणि कशी ठरवायची, हा तो प्रश्न आहे. कारखान्यात, रेल्वेत, रुग्णालयात आणि घरोघरच्या स्वयंपाकघरात तो रोज पडतो. पण तेथे त्याचा निकाल लागायला वर्षे जातात, आणि लागलाच तर तो चार भिंतींच्या आत राहतो. फुटबॉलच्या मैदानावर मात्र तो एकदा साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत पडला. त्याची हकीकत सांगावी आणि तिच्यातून काय घेण्याजोगे आहे ते पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम खेळाची मांडणी समजून घेऊ. सामना ९० मिनिटांचा असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, त्यांतला एक गोलरक्षक. उरलेल्या दहांच्या ढोबळमानाने तीन फळ्या होतात: मागे बचावाची फळी, पुढे आघाडीची, आणि दोहोंच्या मध्ये मधली फळी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये तालमींचे सामने पाहत जे वाढले त्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगितले. मधल्या फळीत पुन्हा दोन प्रकारचे गडी असतात. काही पुढे चाल करून जातात, आघाडीला चेंडू पुरवतात, प्रसंगी स्वतः गोल करतात. त्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात. दुसरा एक असा असतो की तो बचावफळीच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर उभा राहतो, फारसा पुढे जात नाही, गोल करत नाही. प्रतिपक्षाची चाल आपल्या बचावापर्यंत पोहोचण्याआधी मोडायची, चेंडू ताब्यात घ्यायचा आणि जवळच्या आपल्या माणसाकडे देऊन टाकायचा, हे त्याचे काम.

गोल झाला की तो कोणी केला हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळते. जो गोल झालाच नाही, तो कोणामुळे झाला नाही, हे मात्र पहिल्या रांगेतल्या जाणत्यालाही सहसा कळत नाही. हॉलंडचा थोर खेळाडू योहान क्रायफ सांगत असे की सामन्यात एका गड्याच्या पायात चेंडू सरासरी तीनच मिनिटे असतो. तेव्हा उरलेल्या ८७ मिनिटांत तो काय करतो यावरून खेळाडू ओळखावा. प्रेक्षकाची नजर स्वभावतःच चेंडूमागे धावते. म्हणजे खेळाडूच्या कामाचा फार मोठा भाग आपण पाहतच नाही, आणि जो गडी त्या न पाहिलेल्या भागातच आपले काम उरकतो, तो आपल्या हिशेबातून साफ गळून जातो.

अशा गड्याला काय नावे ठेवतात त्याचा मासला पाहा. फ्रान्सचा नामांकित आघाडीवीर एरिक कॅन्टोना याने १९९६ साली आपलाच देशबांधव दिदिए देशाँ याला ‘पाणक्या’ म्हटले. देशाँ याच मागच्या जागी खेळे. दुसऱ्यांना पाणी पुरवणारा, स्वतः काही न घडवणारा, असा त्या शब्दाचा रोख होता. मराठी माणसाला हा शब्द ऐकून पैठण आठवल्याशिवाय राहणार नाही. नाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या कोण होता, हे तो अंतर्धान पावल्यावर घरच्यांना कळले, अशी आपली कथा आहे. कथेचे श्रद्धेचे अंग बाजूला ठेवले तरी तिच्यात एक व्यवहाराचे निरीक्षण आहे: रांजण रोज भरलेला असतो तोवर तो कोण भरतो, असे घरात कोणी विचारत नाही. आज आम्ही ज्याची हकीकत सांगणार आहोत तो क्लोद माकेलेले हा फुटबॉलच्या घरातला असाच पाणक्या.

माकेलेलेचा जन्म १९७३ साली आफ्रिकेतल्या झाईर देशात, किन्शासा शहरी झाला. तो देश आज काँगो या नावाने ओळखला जातो. वडीलही फुटबॉल खेळत. पोर चार वर्षांचे असताना कुटुंब फ्रान्सला आले आणि पॅरिसजवळच्या उपनगरात राहिले. नाँत या संघाकडून तो नावारूपास आला. १९९५ साली त्या संघाने फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवले त्यात तो होता. पुढे एक वर्ष मार्सेय, मग स्पेनमधला सेल्ता व्हिगो, आणि २००० साली स्पेनमधला सर्वांत मोठा संघ रिअल माद्रिद. हा माणूस उंचीने पाच फूट सात-आठ इंच, अंगाने आटोपशीर. चेंडूची जादू करून दाखवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

माद्रिदमध्ये त्या वेळी एक निराळाच कारभार चालू होता. २००० साली फ्लोरेंतिनो पेरेझ हे क्लबचे अध्यक्ष झाले. ते बांधकाम व्यवसायातले मोठे उद्योजक. दर वर्षी जगातला एक तरी तारा विकत घ्यायचा, असा त्यांचा क्रम होता. २००० मध्ये पोर्तुगालचा फिगो आला, २००१ मध्ये फ्रान्सचा झिदान आला, २००२ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो आला. झिदानसाठी सुमारे साडेसात कोटी युरो मोजले. तोवर जगात कोणत्याही खेळाडूला इतकी किंमत आली नव्हती. एका बाजूला असे तारे, आणि दुसऱ्या बाजूला क्लबच्या स्वतःच्या शाळेत वाढलेली तरुण मुले, अशी संघाची बांधणी करायची हे धोरण होते. त्यांतल्या एका तरुण बचावपटूचे नाव पावोन होते, म्हणून ‘झिदान आणि पावोन’ असे या धोरणाचे नावच पडले.

आम्हांला हे धोरण वाचताच ओळखीचे वाटले. वरच्या जागी फार मोठ्या पगाराची थोडी माणसे, खालच्या जागी स्वस्तातली नवी पोरे. आणि मधला जो अनुभवी, कसबी माणूस, ज्याच्या हातावर रोजचे काम चालते, त्याच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही. माकेलेले झिदानही नव्हता आणि पावोनही नव्हता.

त्याचे काम काय होते ते नीट पाहू. माद्रिदचा डाव्या बाजूचा बचावपटू रोबेर्तो कार्लोस हा नावाला बचावपटू. निम्मा सामना तो प्रतिपक्षाच्या अंगणात असे. तो पुढे धावला की मागे मोठे खिंडार पडे. फिगो, झिदान, राऊल, रोनाल्डो हे चेंडू गमावल्यावर मागे धावत येतील अशी अपेक्षा कोणी करत नव्हते. म्हणजे अकरांपैकी चार-पाच गडी केवळ चाल करण्यासाठी मोकळे सोडलेले, आणि त्या मोकळीकीची सगळी किंमत मागे उभ्या असलेल्या एका माणसाने चुकती करायची. रोबेर्तो कार्लोस पुढे गेला की माकेलेले हळूच डावीकडे सरके. प्रतिपक्षाचा गडी मान वर करून पुढे चेंडू द्यायला वाट पाही, तर त्या वाटेवर माकेलेले उभा. मग तो चेंडू मागे वळवी किंवा आडवा देई. येथे झटापट झाली नाही, चेंडू हिसकावला गेला नाही, टाळी पडली नाही. कोणत्याही वहीत काही नोंदले गेले नाही. पण एक चाल मेली. असे एका सामन्यात किती वेळा घडे कोण जाणे.

या संघाने २००१ आणि २००३ साली स्पेनचे अजिंक्यपद मिळवले. २००२ साली ग्लासगो येथे जर्मनीच्या लेव्हरकुसेन संघाला २-१ असे हरवून युरोपचे अजिंक्यपद घेतले. त्या अंतिम सामन्यातला झिदानचा गोल, हवेतून खाली येणारा चेंडू डाव्या पायाने सरळ जाळ्यात धाडलेला, आजही लोक वारंवार पाहतात. माकेलेले त्या सामन्यात सुरुवातीपासून खेळला होता. पण हे मुद्दाम शोधून पाहावे लागते.

२००३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा डेव्हिड बेकहॅम माद्रिदला आला. त्याच सुमारास माकेलेलेने पगारवाढ मागितली. ताऱ्यांच्या मानाने त्याचा पगार अगदी लहान होता, आणि त्याने वाढ मागावी असे त्याच्या तारांकित सहकाऱ्यांचेही म्हणणे होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कारण शेजारच्या माणसाचे काम किती मोलाचे आहे हे त्याच्या शेजारी काम करणाऱ्याला आधी कळते, कचेरीत बसणाऱ्याला मागून. मागणी फेटाळली गेली. माकेलेलेने जाण्याची परवानगी मागितली, आणि उन्हाळा संपता संपता इंग्लंडच्या चेल्सी क्लबने त्याला सुमारे १.७ कोटी पौंडांना विकत घेतले.

तो गेल्यावर पेरेझ यांनी जे मत दिले ते त्या वेळी सर्वत्र छापून आले. त्याचा मथितार्थ असा: या खेळाडूचे तंत्र बेताचे, गड्याला चकवून पुढे जाण्याइतका वेग नाही, त्याचे बहुतेक चेंडू मागे किंवा आडवे जातात, तीन मीटरपलीकडे तो क्वचितच चेंडू देतो, तरुण खेळाडू येतील आणि लोक त्याला विसरतील. श्रोत्यांनी लक्षात घ्यावे की या वाक्यांतले निरीक्षण पुष्कळसे खरे आहे. माकेलेले जवळच चेंडू देई हे खरेच. पण तीन मीटरांवर कोण उभा असे? झिदान उभा असे. ज्याच्या शेजारी झिदान आहे त्याने चाळीस मीटर लांब चेंडू भिरकावून तो गमावण्याचा धोका कशासाठी घ्यावा? प्रतिपक्षाकडून मिळवलेला चेंडू न गमावता योग्य माणसाच्या हाती देणे, हेच त्याचे काम होते. मालकाने काम बरोबर पाहिले. फक्त ते कशासाठी आहे हे विचारले नाही. आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही अशी कामाची तपासणी अनेकदा पाहिली आहे.

दुसरीकडे झिदानचे एक वाक्य प्रसिद्ध झाले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, मोटारीचे इंजिनच काढून दिल्यावर तिला सोन्याच्या रंगाचा आणखी एक हात देऊन काय उपयोग? बेकहॅम आला आणि माकेलेले गेला, यावरचे हे भाष्य होते.

पुढे काय झाले? २००४ च्या मार्च महिन्यापर्यंत माद्रिद तिन्ही मोठ्या स्पर्धांत पुढे होता. मग राजाच्या करंडकाचा अंतिम सामना सारागोसाने जिंकला. युरोपच्या स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीत मोनॅको संघाने माद्रिदला बाहेर काढले. लीगमधले शेवटचे पाचही सामने माद्रिद हरला आणि चौथ्या क्रमांकावर घसरला. त्यानंतर लीगचे अजिंक्यपद मिळायला २००७ साल उजाडले. मधल्या काळात त्या एका जागेसाठी क्लबने एकामागून एक गडी आणले: २००५ च्या आरंभी डेन्मार्कचा ग्रावेसेन, २००६ मध्ये ब्राझीलचा एमर्सन आणि मालीचा दियारा. जी जागा भरायला इतकी माणसे लागली, ती जागा रिकामी पडण्याआधी कोणाच्या नजरेत नव्हती. ज्या मोनॅकोने माद्रिदला हरवले त्या संघाचा प्रशिक्षक कोण होता? तोच देशाँ, ज्याला कॅन्टोनाने पाणक्या म्हटले होते.

येथे आम्ही एक सावधगिरीची सूचना देतो, कारण आपल्या बाजूचा पुरावा माणसाला नेहमी फुगवून सांगावासा वाटतो. माद्रिदची पडझड एकट्या माकेलेलेच्या जाण्याने झाली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याच उन्हाळ्यात, अजिंक्यपद मिळाल्यावर लगेच, देल बोस्के या प्रशिक्षकाला निरोप दिला होता. कर्णधार हिएरोही गेला होता. मोरिएन्तेस हा आघाडीवीर मोनॅकोला वर्षभरासाठी उसना दिला होता, आणि त्यानेच मोनॅकोकडून माद्रिदवर गोल केले. शिवाय त्याच मोनॅकोने पुढच्या फेरीत चेल्सीला हरवले, आणि चेल्सीत माकेलेले होता. एक माणूस संघ जिंकून देत नाही, हे खरे. आमचे म्हणणे एवढेच की त्याच्या जाण्याने माद्रिदमध्ये एक काम करणारा उरला नाही, आणि ते काम होते हे तेव्हा कुठे दिसले.

आता चेल्सीकडे वळू. २००४ साली तेथे पोर्तुगालचे जोसे मोरिन्यो प्रशिक्षक म्हणून आले. ते बोलके गृहस्थ. माकेलेलेचे काम त्यांनी साध्या अंकगणिताने लोकांना समजावून दिले. त्या वेळी इंग्लंडमधले बहुतेक संघ मधल्या फळीच्या मध्यभागी दोन गडी ठेवत. मोरिन्यो तीन ठेवत, त्रिकोणासारखे: दोन पुढे आणि मागच्या टोकाला माकेलेले. चेंडू माकेलेलेकडे आला की प्रतिपक्षाच्या दोघांपुढे पेच पडे. त्यांतला एक त्याच्या अंगावर धावून गेला, तर पुढच्या दोघांपैकी एक मोकळा सुटतो. कोणीच गेले नाही, तर माकेलेलेला सारे मैदान पाहून चेंडू द्यायला सवड मिळते. दोनांपुढे तीन, इतका सरळ हिशेब. श्रोत्यांपैकी ज्यांनी कबड्डीत साखळी करून चढाईपटूला कोंडताना पाहिले असेल त्यांना संख्येचे हे बळ सहज उमगेल.

२००४-०५ च्या मोसमात चेल्सीने ३८ सामन्यांत ९५ गुण मिळवून अजिंक्यपद घेतले, आणि त्या ३८ सामन्यांत त्यांच्यावर अवघे १५ गोल झाले. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून इतके कमी गोल कोणावरही झाले नव्हते. गोलरक्षक चेक, बचावातले टेरी आणि कार्व्हालो यांचा त्यात मोठा वाटा होता, हे मान्य. पण आता प्रेक्षक त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहू लागले होते. इंग्रजी वर्तमानपत्रांत त्या जागेलाच ‘माकेलेलेची जागा’ म्हणू लागले. आजही एखाद्या संघाचा बचाव उघडा पडला की लोक म्हणतात, यांच्याकडे माकेलेले नाही. माद्रिदमध्ये ज्याचे नाव विसरले जाणार होते, त्याचे नाव एका कामाचे नाव झाले.

त्या मोसमातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ७ मे २००५ रोजी चेल्सीचा घरच्या मैदानावर चार्लटनशी सामना होता. अजिंक्यपद आधीच हाती आले होते. करंडक त्या दिवशी मिळायचा होता. शेवटच्या मिनिटापर्यंत एकही गोल नव्हता. तेवढ्यात चेल्सीला पेनल्टी मिळाली, आणि ती घेण्यासाठी माकेलेले पुढे आला. त्याने चेल्सीसाठी तोवर एकही गोल केला नव्हता. त्याने चेंडू मारला, गोलरक्षकाने तो अडवला, आणि परत आलेला चेंडू माकेलेलेने जाळ्यात ढकलला. गुणतक्त्याच्या दृष्टीने या गोलाला कवडीचेही मोल नव्हते. तरी सारे मैदान उठून ओरडले. लोक त्या गोलासाठी ओरडले नाहीत; ज्याचे ऋण वर्षभर साठत गेले आणि ज्याला टाळी देण्याची संधी त्याच्या कामात कधी येतच नव्हती, त्याला ती एकदाची देता आली म्हणून ओरडले, असे आम्ही समजतो. चेल्सीसाठी तो २१७ सामने खेळला आणि एकूण दोन गोल केले. फ्रान्ससाठी तो ७१ सामने खेळला आणि एकही गोल केला नाही. २००४ साली त्याने फ्रान्सच्या संघातून निवृत्ती घेतली होती. २००५ मध्ये विश्वचषकाला पात्र ठरण्याची पंचाईत झाली तेव्हा झिदान आणि थुराम यांच्याबरोबर तोही परत आला, आणि २००६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यापर्यंत संघ गेला. तेथे इटलीने पेनल्टीवर बाजी मारली.

प्रेक्षकांची नजर तयार झाली याचा पुरावा पुढच्या पिढीत मिळतो. एनगोलो कान्ते हा १९९१ साली पॅरिसला जन्मलेला खेळाडू, माकेलेलेसारखाच बुटका आणि अबोल. २०१५ साली इंग्लंडच्या लीस्टर या लहान संघाने त्याला घेतले. २०१५-१६ च्या मोसमात लीस्टरने अजिंक्यपद मिळवून जगाला थक्क केले. चेंडू हिसकावण्यात आणि वाटेत अडवण्यात कान्ते त्या वर्षी लीगमध्ये सर्वांच्या पुढे होता. २०१६ च्या उन्हाळ्यात तो चेल्सीत गेला. चेल्सी आदल्या वर्षी दहावा होता. तो पहिला आला. लीस्टर पहिला होता; तो बारावा आला. याही बदलाला इतर कारणे होती. पण या वेळी कोणी त्यांची वाट पाहत बसले नाही. २०१७ साली इंग्लंडमधल्या खेळाडूंनी आणि फुटबॉल वार्ताहरांनीही वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कान्तेचीच निवड केली. गंमत म्हणून लोक म्हणू लागले की पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याने व्यापला आहे आणि उरलेला कान्तेने. २०१८ साली फ्रान्सने विश्वचषक जिंकला तेव्हा कान्ते संघात होता आणि प्रशिक्षक होता देशाँ. माकेलेलेची किंमत तो गेल्यावर कळली. कान्तेची तो असतानाच कळली. या दोहोंमध्ये फक्त बारा-तेरा वर्षांचे अंतर आहे. लोकांची नजर एवढ्या काळात बदलू शकते, ही आमच्या मते या साऱ्या हकीकतीतली सर्वांत आशेची गोष्ट आहे.

ती कशाने बदलली? आम्हांला तीन कारणे दिसतात. पहिले कारण उणीव: जागा रिकामी पडली आणि काम दिसले. दुसरे कारण शिकवण: मोरिन्योंसारख्या माणसाने लोकांना समजेल अशा भाषेत ते काम सांगितले. तिसरे कारण मोजदाद: कोणी किती वेळा चेंडू हिसकावला, किती वेळा वाटेत अडवला, याच्या नोंदी होऊ लागल्या आणि लोक त्या वाचू लागले. या तिसऱ्या कारणाबद्दल मात्र थोडे जपून बोलले पाहिजे. हिसकावलेला चेंडू मोजता येतो. पण गडी योग्य जागी उभा आहे म्हणून जो चेंडू पुढे दिलाच गेला नाही, तो मोजणे फार अवघड. मोजणीने एक न दिसणारे काम दिसू लागले हे खरे, पण तिच्यावरच विसंबले तर त्याहून सूक्ष्म काम पुन्हा अंधारात जाते.

हा पेच कामगाराला नवा नाही. मुंबईच्या गिरणीत साच्यावरच्या कामगाराचे काम कापडाच्या मापाने मोजता येई. साच्याला तेल घालणाऱ्याचे काम कशाने मोजावे? साचा बंद पडला नाही, याने? रेल्वेचा गँगमन उन्हापावसात मैलोगणती चालतो, रुळाचा प्रत्येक जोड पाहतो, सैल झालेले घट्ट करतो. त्याच्या दिवसभराच्या कामाचे फळ एवढेच, की गाडी रोजच्यासारखी गेली. गाडीतल्या हजार उतारूंपैकी एकालाही त्याचे नाव ठाऊक नसते. पगाराच्या वाटाघाटीत समोरचा माणूस विचारतो, या माणसाने वर्षभरात केले काय? आणि ‘काही झाले नाही, हेच त्याने केले’ हे उत्तर द्यायला फार जड जाते, कारण ते कोणत्याही रकान्यात बसत नाही.

कोणी म्हणेल, कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूची तुलना गँगमनशी करणे हा विनोद झाला. दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, यात शंका नाही. माकेलेलेच्या हलाखीबद्दल आम्ही कोणाकडे सहानुभूती मागत नाही. त्याच्या घरी चूल पेटायची कधी थांबली नव्हती. आम्ही तुलना करतो ती किंमत ठरवण्याच्या रीतीची. जे विकता येते, ज्याचे चित्र काढता येते, ज्याच्या नावाचा सदरा बाजारात खपतो, त्याला मोठा पगार. आणि ज्याच्यामुळे ते सारे उभे राहते, त्याला उरलेले. ही रीत कोट्यवधींच्या घरात जशी चालते तशीच शेकड्यांच्या घरातही चालते. पेरेझ यांना हिशेब कळत नव्हता असे नाही. ताऱ्यांनी क्लबला अफाट उत्पन्न मिळवून दिले, हे नाकारता येणार नाही. पण त्यांच्या हिशेबात जमेची बाजू होती ती दिसणाऱ्या वस्तूंची. वाचलेल्या नुकसानीला त्यात जागा नव्हती.

अशी जागा करून देणे हे एकट्या मालकाचे काम नाही, पाहणाऱ्यांचेही आहे. खेळाचा बाजार शेवटी प्रेक्षकाच्या नजरेवर चालतो. प्रेक्षक गोलालाच टाळी देत असेल तर मालक गोल करणाराच विकत घेणार. २००३ मध्ये माद्रिदच्या लोकांनी बेकहॅमचे स्वागत करताना माकेलेलेसाठी आवाज उठवला असता, तर कदाचित निर्णय निराळा झाला असता. २०१७ मध्ये इंग्लंडच्या लोकांना कान्ते दिसत होता, म्हणून त्याला कोणी पाणक्या म्हणून हिणवले नाही. समाजाची नजर जेथे पोहोचते तेथवरच न्याय पोहोचतो, हा आमचा चळवळीतला अनुभव आहे, आणि तो मैदानावरही खरा ठरलेला पाहून आम्हांला बरे वाटले.

म्हणून श्रोत्यांना एक लहानसा अभ्यास सुचवून आम्ही थांबतो. पुढच्या वेळी सामना पाहाल, मग तो कोल्हापूरचा असो की दूरच्या देशातला टेलिव्हिजनवरचा, तेव्हा त्यांतली दहा मिनिटे चेंडूकडे पाहू नका. बचावफळीच्या पुढे उभ्या असलेल्या एका गड्यावर नजर ठेवा. चेंडू डावीकडे गेला की तो कोठे सरकतो, पुढे धावलेल्या सहकाऱ्याची रिकामी जागा कोण भरतो, प्रतिपक्षाचा गडी मान वर करून पुन्हा चेंडू मागे का वळवतो, ते पाहा. आरंभी काहीच घडत नाही असे वाटेल. पाच-सात मिनिटांनी दिसू लागेल. आणि एकदा ही सवय जडली की सामना संपल्यावर ती मैदानातच राहत नाही. घरी परतताना रुळाच्या कडेने हातोडा घेऊन चालणाऱ्या माणसाकडेही मग नजर जाते, आणि त्याच्या पगाराचा प्रश्न निघाला तर आपण काय बोलायचे, याचा विचार मनात येतो.